वापरणाऱ्याची चूक

शाळेत तिला सगळे प्लगबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'बाई'. पण ती जिना उतरून खाली गेली की वर स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारायचं, "प्लगबाई गेल्या का?" आणि बाकीचे चहाच्या कपात तोंड खुपसून हसायचे. जिन्यातून खाली काही ऐकू जात नाही असा त्यांचा समज होता. सगळं ऐकू यायचं. तीन वर्षांत ती प्रत्येकाचं हसू आवाजावरून ओळखायला शिकली होती, आणि कोण किती वेळा हसलं हे कुणी विचारलं असतं तर तिने कागद न बघता सांगितलं असतं.

बावीस वर्षं ती त्या शाळेत क्लार्क होती. दाखले, हजेऱ्या, गुणपत्रकं, सगळं तिच्या हातून जायचं. लिहिताना शाईचा डाग पडला तर ती पान बदलत नसे. डागाशेजारी तारीख टाकून सही करत असे, म्हणजे डागही हिशेबात. असल्या बाईच्या नावावर निष्काळजीपणाचा शिक्का बसला, तो कसा ते सांगतो.

शाळेने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा कंपनीच्या माणसाने बजावलं होतं की हा बंद करायचा नाही, वीज गेली तरी इन्व्हर्टरवर रात्रंदिवस चालू ठेवायचा. आत दोन हार्ड डिस्क आहेत, एकीवरचं दुसरीवर आपोआप उतरतं, तेव्हा वेगळी प्रत काढण्याचीही गरज नाही. बाईने हे अक्षरशः पाळलं. शिवाय टेबलाच्या पायाला दोरीने एक वही बांधली आणि मशीन कधी चालू झालं, कधी बंद केलं, कुणी आणि का, हे तिच्यात लिहायला लागली. खेळाचे सर येता-जाता ती वही उघडून बघायचे. "बाई, मशीनला ताप आला तर तोही लिहिता का?" या सरांना स्वतःची शिट्टी रोज सापडत नसे, पण दुसऱ्याच्या वहीत नाक खुपसायला त्यांना वेळच वेळ होता.

एका मंगळवारी, पावणेअकरा वाजता, एका मुलीचा दाखला टाइप करताना समोरचा पडदा काळा झाला. दोन्ही डिस्क गेल्या. रजिस्टरांवरून चढवलेली अकरा वर्षांची सगळी मुलं, त्यांची नावं, जन्मतारखा, गुण, सगळं एका क्षणात गेलं.

दुपारी कंपनीचा इंजिनीअर आला, आधी तपासणीला येऊन गेलेला तोच. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग, चेहऱ्यावर कंटाळा. खुर्ची दिली तर बसला नाही. मशीन उघडलं, बोटाने टकटक केलं, मग वाकून टेबलाखाली पाहिलं.

"दोन्ही डिस्क एकदम कधी जातात का बाई? एक जाईल. दोन्ही जायच्या तर चालू मशीनची वीज तुटायला लागते. तो बघा प्लग. पाय लागलाय तुमचा."

"माझा पाय लागला नाही."

"कळत नाही माणसाला," तो म्हणाला, आणि रिपोर्टवर 'कारण : वापरणाऱ्याची चूक' असं लिहून खाली आपला तंत्रज्ञ क्रमांक टाकून निघूनही गेला. सगळं मिळून सहा मिनिटं. बाईने वहीत लिहिलं होतं, म्हणून सांगतो.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वाईट नव्हत्या. पण अकरा वर्षांची माहिती गेली होती, पालक दारात उभे होते आणि कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडणं भाग होतं. आमची बाई वही घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. "मॅडम, बघा तरी. मी मशीनला हात लावला असता तर इथे लिहिलं असतं." मोठ्या बाईंनी वही उघडलीसुद्धा नाही. "वही तुमचीच, अक्षर तुमचंच. त्यात तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिणार आहात का बाई?"

आता घरची गोष्ट. नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा. शांत माणूस, भांडण नको म्हणून चहात साखर कमी पडली तरी न बोलता पिणारा. त्या संध्याकाळी तिने सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, लागला असेल पाय. लिहून दे आणि मोकळी हो. विषय संपेल."

तिने त्याचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून दिलं : 'प्लगला माझा पाय नकळत लागला असण्याची शक्यता मी नाकारत नाही.' खाली सही आणि तारीख. तो कागद तिच्या नोकरीच्या फायलीत लागला. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नोटीस वाचली गेली, 'निष्काळजीपणामुळे' हा शब्द मोठ्या बाईंनी जरा हळू वाचला, एवढीच काय ती दया. सात महिन्यांनी तिला हेडक्लार्कची जागा मिळायची होती, ती रिकामीच ठेवली. खेळाच्या सरांनी त्याच दिवशी नवं नाव शोधून काढलं. विषय संपला नाही, चांगला रुजला.

तिला तळघरात बसवलं. मोडके बाक, फुटका पृथ्वीचा गोल, जुनी रजिस्टरं आणि एक रडतखडत चालणारा म्हातारा कॉम्प्युटर. रजिस्टरांवरून अकरा वर्षं पुन्हा टाइप करायची, हे काम. ते मेलेलं मशीनही तिथेच कोपऱ्यात आणून टाकलं होतं. शाळेच्या मते दोघांची जागा तीच.

त्या वर्षभरात तिचं फार वाईट झालं. झोपताना तिला पाय आठवायचा. उजवा. चप्पल सुटलेली, टाच मागे गेलेली, आणि टाचेला काहीतरी थंड, गुळगुळीत लागलेलं. घडलं नव्हतं हे तिला ठाऊक होतं, तरी आठवायचं. सगळं जग एकच गोष्ट सांगायला लागलं की माणसाचं डोकंही फितूर होतं. इंजिनीअरवर तिचा राग होताच, पण त्या कागदावरच्या स्वतःच्या सहीवर त्याहून जास्त होता. तो कागद फायलीतून बाहेर काढायचा, आणि ज्यांनी तो लिहायला लावला त्या प्रत्येकाच्या तोंडून त्याचं उत्तर वाचून घ्यायचं, एवढंच तिला हवं होतं. न्याय वगैरे शब्द तिने वापरला नाही. तिला उट्टं काढायचं होतं.

एकदा म्हातारा कॉम्प्युटर अडला म्हणून तिने कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकवून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या वेबसाइटवर ग्राहक मदत भांडार आहे. मशीनचा नंबर टाका, उघडेल." म्हाताऱ्यावरचं लेबल झिजलं होतं. बाई उठली, कोपऱ्यातल्या मेलेल्या मशीनच्या पाठीवरची धूळ पुसली आणि तिथला नंबर टाकला. भांडार उघडलं.

आत हजारो नोंदी होत्या. प्रत्येकीला क्रमांक. काय बिघडतं, का बिघडतं, काय करायचं, आणि तळाला बारीक अक्षरात नोंद करणाऱ्याचा क्रमांक आणि तारीख. सगळ्यात शेवटी एक प्रश्न : 'ही माहिती आपल्याला उपयोगी पडली का? होय / नाही.' तिने वाचलं तसं केलं आणि म्हातारा सुरू झाला. माहिती उपयोगी पडली होती. पण ज्यांनी आपली अब्रू घेतली त्यांना 'होय' म्हणायचं? तिने बटणाला हात लावला नाही.

तिच्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसली. ही माणसं बाहेर काय वाटेल ते बोलतात, पण आत सगळं लिहून ठेवतात. लिहून ठेवणाऱ्यांची जात तिला माहीत होती, ती स्वतः त्यातली होती.

'दोन्ही डिस्क एकदम गेल्या' असं शोधून पाहिलं तर काहीच आलं नाही. मग तिने क्लार्कने करावं तेच केलं. नोंद क्रमांक एकपासून वाचायला लागली. रोज जेवणाच्या सुट्टीत, डबा मांडीवर घेऊन, आठ-दहा नोंदी. निम्मं कळायचं नाही, ते वहीत उतरवून ठेवायची, पन्नास नोंदींनंतर कळायचं.

दीड-दोन वर्षांत शाळेतल्या कुठल्याही मशीनला काय झालंय हे ती जिन्यातूनच सांगायला लागली. लोक गुपचूप खाली यायचे. "बाई, प्रिंटर कागद गिळतोय." "बाई, आवाज गेलाय." ती मान वर न करता पहिला प्रश्न एकच विचारायची, "प्लग लावलाय ना?" समोरच्याचा चेहरा पडायचा. तो पडलेला चेहरा नीट बघून घेतल्याशिवाय ती पुढचं सांगत नसे.

खेळाच्या सरांच्या कॉम्प्युटरवर एकदा सगळं उलटं दिसायला लागलं, डोकं खाली, पाय वर. नोंद क्रमांक नऊशे सेहेचाळीस. दोन बटणं दाबायची, झालं. बाई म्हणाली, "अवघड आहे सर. बघते." सर नऊ दिवस मान वाकडी करून सामन्यांचं वेळापत्रक टाइप करत होते. दहाव्या दिवशी मोठ्या बाईंनी सांगितलं तेव्हा तिने जाऊन दोन बटणं दाबली. सर मान चोळत तिच्याकडे बघत राहिले. त्या दिवशी बाई दोन पोळ्या जास्त जेवली.

आणि मग आली नोंद क्रमांक तीन हजार एकशे अठरा. ती मशीनच्या नावाखाली नव्हतीच, डिस्कच्या भागाच्या नंबराखाली होती, म्हणून शोधून सापडली नव्हती. 'या खेपेतील हार्ड डिस्क एकूण एकोणीस हजार दोनशे तास चालल्यावर स्वतःहून कायमची बंद पडते. मशीनमधील दोन्ही डिस्क एकाच वेळी सुरू झालेल्या असल्यास दोन्ही एकाच क्षणी बंद पडतात. बिघाडाचा वापरणाऱ्याशी संबंध नाही. उपाय : मुदतीआधी सुधारणा, म्हणजे डिस्कचा दुरुस्त प्रोग्राम, घालणे. बंद पडल्यावर माहिती परत मिळत नाही.'

बाईने डबा खाली ठेवला आणि दोरीची वही काढली. मशीन प्रथम सुरू केलं : सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. बंद पडलं : पावणेअकरा. मधले दिवस तिने बोटांवर मोजले, कॅलेंडरवर मोजले. बरोबर आठशे दिवस. आठशे दिवसांचे तास एकोणीस हजार दोनशे. पण मग चाळीस मिनिटं जास्त कशी? वहीतच होतं. बिघाडाच्या पाच आठवडे आधी कंपनीच्या तपासणीसाठी मशीन चाळीस मिनिटं बंद होतं, आठशे दिवसांत तेवढंच. मिनिटाला मिनिट जुळलं.

तपासणीचा रिपोर्टही तिच्या फायलीत होता. 'सर्व आवश्यक सुधारणा घातल्या', पुढे ठसठशीत बरोबरची खूण. तंत्रज्ञ क्रमांक ६१४. बिघाडाचा रिपोर्ट : ६१४. पडद्यावर नोंदीच्या तळाशी नोंद करणारा : ६१४, आणि तारीख बिघाडाच्या आठ महिने आधीची. म्हणजे दोष त्यानेच शोधला, उपायही त्यानेच लिहिला, मग येऊन चाळीस मिनिटं चहा-बिस्किटं खाऊन न घातलेल्या सुधारणेपुढे खूण केली. आणि दोन्ही डिस्क एकदम का गेल्या हे पक्कं ठाऊक असताना टेबलाखाली वाकून तिचा पाय दाखवला.

ती रडली नाही. उजव्या पायाकडे मात्र बराच वेळ बघत बसली. त्या पायाला तिने अडीच वर्षं उगाच दोष दिला होता.

दुसरी कुणी असती तर कागद घेऊन वर धावली असती. ही गेली नाही. केबिनमध्ये दाखवलं तर केबिनमध्येच मुरणार, 'बरं, झालं ते झालं' म्हणून. नोटीस सगळ्यांसमोर वाचली होती, तर उत्तरही सगळ्यांसमोर व्हायला हवं. ती पाच महिने थांबली. नोंद अजून जागेवर आहे ना, हे रोज बघायची आणि काम करायची. त्या पाच महिन्यांइतकी शांत झोप तिला लग्नानंतर कधी लागली नव्हती.

शाळेला नवे वीस कॉम्प्युटर घ्यायचे होते. त्याच कंपनीचा माणूस आपलं मदत भांडार किती उपयोगी आहे हे शिक्षकांना दाखवायला येणार, अशी सूचना लागली. आला तो तोच. आता टाय होता, पोट होतं, छातीवर नावाऐवजी क्रमांकाची पट्टी होती. तो तिच्याजवळून गेला, हसून 'नमस्कार मॅडम' म्हणाला आणि पुढे गेला. त्याने तिला ओळखलंच नव्हतं. हे मात्र तिला सोसलं नाही. तीन वर्षं आपण ज्याच्यावर दात-ओठ खाल्ले, त्याला आपण आठवतही नाही!

स्टाफरूमच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला. तो खुलून बोलत होता. "कुठलीही अडचण सांगा. आमच्या भांडारात उत्तर नाही असं होतच नाही."

"तीन हजार एकशे अठरा," मागून आवाज आला.

"काय म्हणालात?"

"नोंदीचा नंबर आहे. तीन, एक, एक, आठ. टाका ना."

"वा! बाई आमच्यापेक्षा तयार दिसतात," तो म्हणाला. सगळे हसले. त्याने नंबर टाकला आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागला. "या खेपेतील हार्ड डिस्क एकूण एकोणीस हजार..." मग आवाज हळू झाला. मग थांबला.

"पुढे वाचा. मागे ऐकू येत नाही."

"ही जरा जुनी नोंद आहे, आपण दुसरी..."

"वाचा म्हणतेय ना मी!" बावीस वर्षांत तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. मोठ्या बाई म्हणाल्या, "वाचा." त्याने वाचलं. 'बिघाडाचा वापरणाऱ्याशी संबंध नाही' इथपर्यंत आल्यावर खेळाच्या सरांनी कप तोंडाला लावला.

बाई फाइल घेऊन पुढे आली. वही मोठ्या बाईंसमोर उघडी ठेवली, शेजारी दोन्ही रिपोर्ट. "खाली नोंद करणाऱ्याचा नंबर आहे. कोणाचा तो?"

"आमच्याकडे खूप तंत्रज्ञ आहेत, बघावं लागेल."

"बघा. तुमच्या छातीवर लावलाय."

सगळ्यांनी पट्टीकडे पाहिलं. त्याचा हात आपोआप पट्टीवर गेला, पण उशीर झाला होता. "बाई, दिवसाला दहा ठिकाणं असायची," तो पुटपुटला. "प्रत्येक ठिकाणी सुधारणा घालत बसलो असतो तर... बंद पडलं की सगळीकडे तेच लिहायचो."

"सगळीकडे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

त्याने पान बंद करायला माउस हलवला. बाईने त्याच्या हाताखालून माउस ओढून घेतला, पान तळापर्यंत नेलं आणि सगळ्यांना दिसेल अशा बेताने 'होय' दाबलं. "पडली उपयोगी," ती म्हणाली. मग वळून खेळाच्या सरांकडे पाहिलं. ते कपात तोंड घालून बसले होते आणि कप रिकामा होता.

वीस कॉम्प्युटर दुसऱ्या कंपनीकडून आले. महिनाभराने तिने जुन्या कंपनीला मुद्दाम फोन करून सहाशे चौदा नंबरवाले साहेब कुठे असतात ते विचारलं. त्यांना कामावरून काढलं, असं कळलं. त्याआधी वीस मिनिटं संगीत वाजलं, ते तिने या वेळी आवडीने ऐकलं. त्याचं घर, त्याची मुलं वगैरे विचार तिच्या मनात आला का? आला. तिने त्याला बसूही दिलं नाही.

पण मी पुढे गेलो. त्याच दुपारी मोठ्या बाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "बाई, तुम्ही आधी माझ्याकडे यायचं होतं."

"आले होते. तीन वर्षांपूर्वी. हीच वही घेऊन, याच टेबलासमोर."

दुरुस्तीची नोटीस तिने आधीच टाइप करून आणली होती. मोठ्या बाईंनी सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर वाचली, या वेळी कुठलाही शब्द हळू न वाचता. हेडक्लार्कची जागा तिला मिळाली. आणि फायलीतून तो कागद काढून मोठ्या बाईंनी तिच्या हातात दिला.

त्या दिवशी संध्याकाळी ती तो कागद घेऊन घरी आली. नवरा दुकानातून येऊन पेपर वाचत बसला होता. तिने त्याच्या हातातला पेपर काढून घेतला, त्या जागी नोंद क्रमांक तीन हजार एकशे अठराची छापील प्रत ठेवली. "वाचा. मोठ्याने."

दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस चष्मा सावरून वाचायला लागला. पूर्ण वाचली. मग तिने तो दुसरा कागद ठेवला, तिच्या अक्षरातला. तोही त्याने 'नाकारत नाही'पर्यंत वाचला.

"फाडून टाक आता हा," तो म्हणाला.

"नाही. माझ्या स्वतःच्या फायलीत लावणार."

त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "खरं सांगू? मला तेव्हाही मनातून वाटलं होतं. तुझ्या हातून असं होणार नाही."

बाईने त्याच्या हातातून कागद घेतला, टेबलावर सरळ केला आणि पेन उघडलं.

"कोणत्या तारखेला वाटलं होतं?" तिने विचारलं. "सांगा, शेजारी लिहून ठेवते."